फुटबॉलचे आकडे आणि पैजेचा भाव: ‘सर, हा अभ्यास आहे’ म्हणणाऱ्या पोरांसाठी

तालुक्याचा_मास्तर (धागाकर्ता, जि. यवतमाळ)

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. पूर्वी पानठेल्यावर आयपीएलचा टॉस, सेशन, एवढंच कानावर पडायचं. आता बारावीतली पोरं इंग्लंडच्या प्रीमियर लीगबद्दल बोलतात आणि आकड्यांत बोलतात. कोणाचा एक्सजी (फटक्यांवरून काढलेले अपेक्षित गोल) किती, घरच्या मैदानावर गोल किती, शेवटच्या पाच सामन्यांत काय झालं. हे सगळं टेलिग्रामच्या ग्रुपांवरून येतं आणि त्याच ग्रुपात खाली पैज लावायचा ‘आयडी’ (खातं) घेण्यासाठी नंबर दिलेला असतो. हटकलं की उत्तर ठरलेलं: “सर, हा सट्टा नाही, अभ्यास आहे.”

या उत्तरात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं आहे. फुटबॉलचं गणित हे चांगलं, कसदार गणित आहे आणि मला ते मनापासून आवडतं. ‘जुगार वाईट’ एवढं सांगून विषय मिटवायची इच्छा नाही. आकडे कुठपर्यंत नेतात आणि कुठे हात सोडतात ते मांडतो.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. प्रीमियर लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साधारण पावणेतीन. अशा विरळ घटना किती वेळा घडतील याची शक्यता काढायला पॉयसन वितरण हे सूत्र कामी येतं. १९८२ मध्ये मायकेल माहेर यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक आकडा देऊन, त्यात घरच्या मैदानाचा फायदा धरून, गोलांचा अंदाज बांधायची रीत मांडली. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी ती सुधारली. ०-०, १-१ अशा कमी गोलांच्या निकालांत साधं पॉयसन कमी पडतं, ते त्यांनी दुरुस्त केलं आणि ताज्या सामन्यांना जास्त वजन दिलं. त्यांचा निबंध पैजेच्या बाजारातल्या त्रुटी शोधण्यासाठीच होता. म्हणजे पोरं ज्याला नवा शोध समजतात, ते काम जवळपास तीस वर्षांपूर्वी छापून झालं आहे.

एक उदाहरण घेऊ. घरच्या संघाकडून १.६ आणि पाहुण्यांकडून १.१ गोल अपेक्षित आहेत. पॉयसनने आकडेमोड केली की घरचा संघ जिंकण्याची शक्यता येते साधारण ४९ टक्के, बरोबरी २५, पाहुणे २६. आता याचा रास्त भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर मुदलासकट किती परत मिळावेत, तो काढा. १०० ला टक्क्यांनी भागायचं. घरचा संघ २.०४, बरोबरी ४, पाहुणे ३.८५. या भावाला खेळलात तर दीर्घकाळात ना नफा ना तोटा.

हा भाव तुम्हाला कोणी देत नाही. समोर लिहिलेलं असतं १.९५, ३.७५, ३.६०. उलटे भागाकार करून बेरीज करा: ५१.३, २६.७, २७.८. बेरीज शंभर यायला हवी, येते १०५.७ च्या आसपास. वरचे पावणेसहा बुकीचे. जिनिंगवर गाडी लागायच्या आधीच कटती (कपात) ठरलेली असावी, तसं हे आहे. कापूस कसाही असो, ती जाणारच. तिन्ही बाजूंना भावाच्या उलट्या प्रमाणात पैसे लावले तर शंभर रुपयांतले साडेपाचच्या आसपास निव्वळ जातात.

पोरांना आवडतो तो पाच सामन्यांचा ‘कॉम्बो’, म्हणजे पाचही निकाल बरोबर आले तरच पैसे. तिथे ही कटती पाच वेळा लागते. प्रत्येक सामन्यात पाच टक्के धरा. ०.९५ चा पाच वेळा गुणाकार केला की ०.७७ येतो. शंभर लावले की परतीची सरासरी सत्याहत्तर. भाव मोठा दिसतो म्हणून तो स्वस्त वाटतो आणि ग्रुपवाले सगळ्यात जास्त तोच का सुचवतात, ते यावरून कळेल.

तेव्हा माझा मुद्दा एकच. संघ जिंकेल का, हा पैजेचा प्रश्न नाही. माझा आकडा भावातल्या आकड्यापेक्षा खरा आहे का, आणि कटती भरून वर उरेल इतका खरा आहे का, हा प्रश्न आहे. एक्सजी तुमच्या मोबाईलवर दिसतो, तसा तो भाव ठरवणाऱ्यालाही दिसतो. त्याला तर तुमच्याआधी दिसतो.

---

कोरडवाहू_कट्टा

वाचनखूण साठवली. कटतीचा हिशोब पहिल्यांदा समजला.

---

पऱ्हाटीतला_पोट्टा (जि. यवतमाळ)

सर, मी तुमच्याच तालुक्यातला हाय. तुमी म्हणता ते वाचलं, पन मले काही गोष्टी पटल्या नाई.

एक तं बुकी चुकते. लेस्टर सिटी २०१५-१६ मध्ये चॅम्पियन झाली, तवा सीझनच्या सुरवातीले ५००० ला एक भाव होता. एवढा मोठा भाव चुकला तं रोजच्या मॅचचे भाव काहून चुकत नसतीन?

दुसरं. ब्रायटनचा मालक टोनी ब्लूम अन् ब्रेंटफर्डचा मॅथ्यू बेनहॅम, दोघांयनं आकड्याच्या भरवशावर पैजेत पैसा कमावला अन् क्लब चालवून राहिले. दोन्ही क्लब प्रीमियर लीगमध्ये आले, ब्रायटन २०१७ ले, ब्रेंटफर्ड २०२१ ले. मंग आकड्यावर जिंकता येत नाई असं कसं म्हनता येईन?

तिसरं, मी पैसे लावत नाई. मी वहीवर लिहून पाहून राहिलो, अडीच गोलच्या वर का खाली एवढंच, म्हंजे मॅचमध्ये मिळून तीन वा जास्त गोल का दोन वा कमी. निम्म्याच्या वर बरोबर येऊन राहिले. एक्सजी पाहूनच करतो. आता वही बरोबर येऊन राहिली तं पैसे लावायले काय हरकत हाय, हे सांगा.

---

वर्धेचा_पुण्यात (डेटा विश्लेषक)

पोट्ट्याचे प्रश्न चांगले आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत. मी कामच आकड्यांचं करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

लेस्टरचं आधी. एका घटनेवरून भाव चूक होता हे सिद्ध होत नाही. आणि समजा चूक होता, तरी त्या ऑगस्टमध्ये कोणत्या आकड्यावरून तुम्ही लेस्टर निवडली असती? आदल्या हंगामात तो संघ खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचला होता. ज्यांनी पैसे लावले ते बहुतेक तिथले निष्ठावान पाठीराखे, आणि त्यांतल्या अनेकांनी हंगाम संपायच्या आधीच कमी रकमेत सौदा मोडून घेतला.

ब्लूम आणि बेनहॅम यांच्याबद्दलचं म्हणणं पूर्ण खरं. पण ते कसे जिंकले ते पाहा. ब्लूम यांची स्टारलिझार्ड आणि बेनहॅम यांची स्मार्टऑड्स या अख्ख्या कंपन्या आहेत. संख्याशास्त्रज्ञ, सामने पाहून नोंदी करणारी माणसं, स्वतःचा डेटा. त्यांचा फायदा प्रत्येक पैजेत अगदी बारीक असतो आणि तो प्रचंड संख्येने, प्रचंड भांडवलावर वसूल होतो. असे लोक बाजारात आहेत, म्हणून तर सामना सुरू व्हायच्या वेळचा भाव इतका अचूक असतो. त्यांचा पैसा आला की भाव हलतो. मोबाईलवर बसलेल्या पोराच्या पलीकडच्या बाजूला ही माणसं असतात.

आता वही. अडीच गोलच्या वर-खाली दोन्ही बाजूंना १.९१ भाव असेल तर ना नफा ना तोटा व्हायला ५२.४ टक्के बरोबर यावे लागतात. निम्म्याच्या वर पुरत नाही. समजा कोणाचे शंभरात ५५ बरोबर आले. नाणं उडवलं तरी शंभरात पाच इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. खरी ५५ टक्क्यांची कुवत आणि ५२.४ ची रेघ, यांतला फरक नशिबापासून वेगळा काढायला साधारण दीड हजार पैजांची नोंद लागते. प्रीमियर लीगच्या एका हंगामात सामने ३८०. प्रत्येक सामन्यावर लावलं तरी चार हंगाम जातात, आणि तेवढ्यात खेळाडू, प्रशिक्षक, डावपेच सगळं बदललेलं असतं.

यापेक्षा लवकर कळायचा एक मार्ग आहे. वहीत फक्त बरोबर-चूक लिहू नका. निवड केली तेव्हाचा भाव लिहा आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भावही लिहा. तुम्ही २.१० ला निवडलेलं वारंवार १.९५ वर बंद होत असेल तर तुमच्या आकड्यात काहीतरी आहे. तसं होत नसेल तर वहीतले बरोबर आलेले निकाल नशिबाचे आहेत.

---

जुना_अडत्या (हिंगणघाट)

पोरांनो, आकड्याचा नाद आपल्या भागाला नवा नाही, म्हणून लिहितो. मटका सुरू झाला तो कापसावरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं बंद झालं, मग चिठ्ठ्या काढून आकडा काढू लागले. १९६२ ला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ ला रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला.

चिठ्ठ्या आल्या तेव्हा आकड्यात काही माहितीच उरली नाही, तरीही चार्ट विकले गेले. मागच्या महिन्याचे आकडे पाहून पुढचा काढून देणारे जाणकार गावोगावी होते. कापसाच्या भावात निदान पीकपाणी, हवामान, मागणी असं काही होतं. मास्तर म्हणतात तसं फुटबॉलच्या आकड्यातही खरी माहिती आहे, हे मी मानतो. पण चार्ट विकणारा तोच आहे. ज्याला खरा आकडा माहीत आहे, तो शंभर रुपयांत तुम्हाला का विकेल?

---

तालुक्याचा_मास्तर

अडत्याकाका, हा इतिहास वर्गात सांगणार आहे. धन्यवाद.

पोट्ट्यासाठी एक्सजीबद्दल थोडं. प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता किती, त्यांची बेरीज म्हणजे एक्सजी. अंतर, कोन, पायाने की डोक्याने, पास कसा आला, हे पाहून ती शक्यता ठरते. पेनल्टीची साधारण ०.७६ ते ०.७९, तीस यार्डांवरच्या फटक्याची दोन-तीन टक्के. दहा-पंधरा सामन्यांचा एक्सजी पुढच्या कामगिरीबद्दल नुसत्या गोलांपेक्षा जास्त सांगतो, यात वाद नाही. एका सामन्याचा एक्सजी मात्र फार डळमळीत. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे सरून बचाव करतो, समोरचा फटके मारत सुटतो आणि त्याचा एक्सजी फुगतो. ग्रुपवर “हरले पण एक्सजी २.१, पुढची मॅच पक्की” असं येतं, तेव्हा हे कोणी पाहिलेलं नसतं.

आकडा खरा आणि अर्थ चुकीचा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. चार्ल्स रीप, हवाई दलातले हिशेबनीस. १९५० पासून त्यांनी सामन्यांत बसून कागद-पेन्सिलीने प्रत्येक चाल नोंदली. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांच्या चालीतून होतात. त्यावरून लांब चेंडू मारा, जास्त पास करू नका, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे इंग्लिश फुटबॉलमध्ये खोल रुजला. पण मुळात बहुतेक सगळ्या चालीच तीन पासांच्या आत तुटतात, मग गोलही तिथूनच जास्त दिसणार. शंभर चालींमागे किती गोल, असं विचारलं की लांब चालींचं पारडं जड निघतं. अशी चिकाटी असलेला माणूस भागाकार कशाने करायचा इथे अडला. आपण तर तयार आकडा मोबाईलवर पाहतो, तो कशाने भागला तेही आपल्याला दिसत नाही.

उलट बाजूचंही सांगतो, कारण आकड्यांना दोष द्यायचा नाही. १६ मे २०२० ला जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियमांत परत सुरू झाली आणि घरच्या संघांचे विजय लक्षणीय घटले. २०२०-२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये घरच्यांपेक्षा पाहुण्यांचे विजय जास्त झाले. घरच्या मैदानाचा फायदा बराचसा प्रेक्षकांमुळे असतो, हे इतकी वर्षं फक्त म्हटलं जायचं, ते डोळ्यांसमोर तपासलं गेलं. संख्याशास्त्रात असा प्रयोग सहसा मिळत नाही. ज्याने जुन्या हंगामांच्या सरासरीवर डोळे झाकून गणित केलं, त्याचं गणित त्या वर्षी बिघडलं.

---

पऱ्हाटीतला_पोट्टा

शेवटचा भाव लिहायची गोष्ट मले माहीत नव्हती, ते करतो. रीपचं पन पटलं.

पन समजा, नुसतं समजा, की माहा आकडा खरंच चांगला निघाला. मंग किती लावायचं याचं काही गणित असते का? ग्रुपवाले म्हनते दुप्पट करत जा, हारलं की दुप्पट.

---

वर्धेचा_पुण्यात

हरल्यावर दुप्पट करणं हा गणिताने सिद्ध झालेला बुडायचा रस्ता आहे. दहा वेळा ओळीने हरलात तर शंभरापासून सुरू केलेली अकरावी पैज एक लाख दोन हजार चारशेची होते.

किती लावायचं याचं सूत्र १९५६ मध्ये बेल लॅब्सच्या जॉन केली यांनी मांडलं. तुमची खरी शक्यता ५५ टक्के आणि भाव १.९१ असेल तर ते सूत्र सांगतं, भांडवलाच्या साडेपाच टक्के. पन्नास हजार असतील तर पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि जाणकार त्याच्याही निम्मं किंवा पाव लावतात, कारण ५५ हा अंदाजच असतो. शक्यता ५० टक्के असेल तर उत्तर ऋण येतं. त्याचा अर्थ, लावूच नका. ज्याचा आकडा खरंच भावापेक्षा सरस आहे त्यालाही हे सूत्र इतकं जपून चालायला सांगतं. कापसाचा चुकारा एका रात्री लावायला सांगणारं सूत्र जगात नाही.

आणि जिंकलात तर? ब्रिटनमध्ये परवाना असलेले बुकीसुद्धा सतत जिंकणाऱ्याची मर्यादा काही पौंडांवर आणून ठेवतात. तिथे निदान नियामक आहे. इथे आयडी देणारा नंबर बंद करतो, विषय संपला.

---

सेतूवाली_ताई (जि. वर्धा)

मी गावात सेवा केंद्र चालवते. गणितातलं मला फार कळत नाही, पण पैसा कसा फिरतो ते रोज बघते आणि त्याबद्दल इथे कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

या आयडीवाल्यांना पैसे घ्यायला स्वतःची खाती वापरायची नसतात. ते गावातल्या पोरांची खाती भाड्याने मागतात. “तुझं खातं दे, सिम दे, महिन्याला इतके देतो.” पोरगं देतं. मग त्या खात्यात ओळखपाळख नसलेल्या लोकांचे दोनशे-पाचशे-हजार येत राहतात. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार होते आणि खातं गोठतं. त्याच खात्यात पोराची शिष्यवृत्ती येणार असते. बापाचं नाव जोडलेलं असलं तर पीएम किसानचे दोन हजारही तिथेच अडकतात. मग ते दोघं माझ्याकडे येतात की ताई, हे खातं सुरू करून दे. ते माझ्या हातात नसतं. पोलीस ठाण्याच्या आणि बँकेच्या फेऱ्या माराव्या लागतात, ज्या राज्यात तक्रार आहे तिथपर्यंत पत्रं पाठवावी लागतात. पेरणीच्या तोंडावर हे झालेलं मी बघितलं आहे, त्या घरातल्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही.

कायद्याचंही सांगते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर त्यात बंदी आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न ठेवता. म्हणजे “आमचा अभ्यास आहे” हा युक्तिवाद तिथे चालत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पण दादा, खातं भाड्याने देणारा नुसता खेळणारा राहत नाही, आणि ग्रुपची लिंक पुढे पाठवणाराही नाही. हे पोरांना कोणी सांगत नाही.

---

तालुक्याचा_मास्तर

ताई, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. खात्याचं पुढच्या पालकसभेत मांडतो. तुम्ही आलात तर फार बरं होईल.

---

मैदानावरचा (कामठी)

आमच्याकडे फुटबॉल जुना. मी पोरापोरींना शिकवतो. धागा वाचताना वाटलं की ज्या पोरांना इंग्लंडच्या संघाचा एक्सजी पाठ आहे, त्यांना आपल्या संघाने मागच्या सामन्यात किती फटके मारले ते सांगता येत नाही. मी मुलींच्या संघात हे सुरू केलं आहे. बाहेर बसलेली मुलगी वहीत मैदानाचा चौकोन काढते आणि जिथून फटका मारला तिथे फुली करते. गोल झाला तर वर्तुळ काढते. दोन-तीन सामन्यांत दिसलं की आम्ही लांबूनच फार मारतो आणि उजव्या बाजूने आत शिरतच नाही. ओरडून सांगितलेलं त्यांना पटत नव्हतं, फुल्या पाहून पटलं.

मास्तरांना एक विचारायचं आहे. तालुका स्पर्धेत आम्हाला पाच-सहा सामने मिळतात. एवढ्यावर काही ठरवता येतं का?

---

तालुक्याचा_मास्तर

गोलांवरून नाही. पाच सामन्यांत सात-आठ गोल होतील, त्यातून काही हाती लागत नाही. फटके मात्र पन्नास-साठ होतात, आणि पेनल्टी क्षेत्राच्या आतले किती, बाहेरचे किती, हे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर दिसतं. समोरच्या संघाचेही फटके तसेच नोंदवा, निम्मी माहिती तिथे असते. परदेशी एक्सजीचे तयार आकडे लावू नका. आपलं मैदान, चेंडू, गोलरक्षक वेगळे. दोन वर्षं फुल्या जमल्या की आपल्या स्पर्धेचा स्वतःचा तक्ता काढू. ते काम मी करून देतो, वही पाठवा.

---

पऱ्हाटीतला_पोट्टा

सर, फुल्या मारायले मी येतो, एक्सेल मले येते. पन माही वही बी चालू ठेवतो. सीझन संपेपर्यंत, पैसे नाई, आयडी नाई. शेवटचा भाव लिहून इथंच टाकत जाईन. चालते का?

---

तालुक्याचा_मास्तर

चालतं. तीन अटी. निवड सामना सुरू व्हायच्या आधी इथे टाकायची, त्या वेळच्या भावासकट. निकाल लागल्यावर टाकलेली ओळ मी मोजणार नाही. चुकलेल्या निवडी खोडायच्या नाहीत. आणि भाव परदेशातल्या तुलनेच्या उघड तक्त्यावरून घ्यायचा, कोणाच्या ग्रुपमधून नाही. शनिवारचा पहिला सामना आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा पहिली यादी चारपर्यंत येऊ दे.